जयमालाने सोडलेली शर्यत

कुरणवाडीच्या यात्रेत दर वर्षी एक बाई मंडपात पहिल्या रांगेत बसायची आणि आपलं नाव पुकारलं जाण्याची वाट आपण बघतच नाही, असं दाखवायची. जयमाला कोळेकर तिचं नाव. वय त्रेपन्न, अंगाने सडसडीत, चालणं अजूनही झपाझप. शर्यत सुटण्याआधी निवेदक घसा साफ करून म्हणायचा, "जिने सख्ख्या बहिणीसाठी शर्यत सोडली त्या त्यागमूर्ती." मग शाल, नारळ आणि टाळ्या. जयमाला 'कशाला, कशाला' असा हात हलवायची. पण त्या दिवशीची साडी महिनाभर आधी काढून ठेवलेली असायची आणि एका वर्षी एक निवेदक 'त्यागमूर्ती' म्हणायला विसरला होता, तर त्याच्याशी ती दोन वर्षं बोलली नव्हती.

कुरणवाडी माणदेशात. चैत्री पौर्णिमेला बिरोबाची यात्रा आणि यात्रेतली डोंगराची शर्यत. पालखी देवळाबाहेर पडली की नारळ फुटायचा आणि बाया-पुरुष एकदमच सुटायचे. सहा किलोमीटर चढण, माथ्यावर पुजाऱ्याकडून कपाळाला भंडारा लावून घ्यायचा आणि तसंच उतरायचं. कपाळ पिवळं नसेल तर पळणं धरत नसत. वेळा लिहायला खाली आणि माथ्यावर शाळेचे मास्तर असत. १९८२पासूनच्या सगळ्या वह्या देवळातल्या ट्रंकेत होत्या.

जयमालाची गोष्ट गावाला तोंडपाठ होती. २०१० साली ती सत्तावन्न मिनिटं चाळीस सेकंदांत खाली आली आणि पहिली आली. धाकटी वनमाला तिच्यामागे एक मिनिट चाळीस सेकंदांनी. पुढच्या वर्षी पुण्याहून निवड करणारे साहेब आले. पहिल्या येणाऱ्या मुलीला ते प्रशिक्षणाला नेणार होते आणि तिथून खेळाडूंच्या जागेवर नोकरी जवळजवळ ठरलेली. त्या वर्षी वनमाला पहिली आली, एकसष्ट मिनिटं दहा सेकंदांत. जयमाला दुसरी, बासष्ट मिनिटं पाच सेकंदांत. आता बावीस वर्षांची धडधाकट पोर एका वर्षात साडेचार मिनिटांनी हळू कशी होईल? लोकांनी वह्या काढल्या, वजाबाकी केली आणि निकाल लावला. जयमालाचं लग्न ठरलेलं, तिला नोकरी कशाला. धाकटीचं भलं व्हावं म्हणून पोरीने पाय आवरते घेतले.

जयमाला पहिल्या दिवशी यावर हो म्हणाली नाही आणि नाहीही म्हणाली नाही. आठव्या दिवशी हो म्हणाली.

वनमाला पोलिसात गेली. जयमाला गावातच सासरी गेली आणि तिला मूल झालं नाही. चार वर्षांनी वनमालाला दुसरी मुलगी झाली, तेव्हा बाराव्या दिवशी, पाहुण्यांनी भरलेल्या घरात, जयमालाने बहिणीपुढे पदर पसरला. "म्या शर्यत दिली, तू पोरगी दे," एवढंच ती म्हणाली. वनमाला थोडा वेळ खाली बघत राहिली आणि मग तिने बाळ उचलून जयमालाच्या पदरात ठेवलं. ते पाहून त्या घरात रडली नाही अशी बाई नव्हती. बाळाचं नाव प्रांजल ठेवलं.

प्रांजलला दहाव्या वर्षी हे सगळं सांगण्यात आलं. तिला वाईट वाटलं नाही, उलट अभिमानच वाटला. एकीने शर्यत दिली, दुसरीने मूल दिलं आणि त्या दोन्ही दानांतून आपण झालो, असं तिने मनाशी धरलं. वनमालाला ती मावशी म्हणायची आणि यात्रेत भेटली की तिच्या पाया पडायची. मोठी झाल्यावर ती गणितात शिरली, त्यातून संख्याशास्त्रात, आणि सत्ताविसाव्या वर्षी पुण्यातल्या एका क्रीडाविज्ञान संस्थेत समपट्टीवर काम करू लागली.

समपट्टी तोवर घरोघरी पोचली होती. वेगवेगळ्या साली, वेगवेगळ्या उन्हात, वेगवेगळ्या बुटांत पळालेल्या माणसांना एका रांगेत उभं करणारं ते यंत्र. यंत्र म्हणजे काही लोखंडाचं धूड नव्हे. मोजणीची एक रीत आणि ती चालवणारा संगणक. त्याने जुन्या विक्रमांची पार उलथापालथ केली. कुणाचे आजोबा अचानक नातवापेक्षा वेगवान ठरले, तर कुणाचा भिंतीवर टांगलेला विक्रम पाठीमागून आलेल्या वाऱ्याचा निघाला. लोकांना चटकच लागली. दहावीचे मार्क समपट्टीवर घालून बाप लेकांना गप्प करू लागले, लेकही बापांना करू लागले. एका घरात तर सासूने आपल्या काळचं आणि सुनेच्या काळचं पाणी वाहणं समपट्टीवर काढून घेतलं आणि निकाल सुनेच्या बाजूने लागल्यावर यंत्राला शिव्या दिल्या.

त्यातली युक्ती साधी होती. दोन साली उन्हाचा पारा किती होता हे कुणी लिहून ठेवलेलं नसतं. पण काही माणसं दोन्ही साली पळालेली असतात. त्यातला एखादाच हळू झाला, तर तो दोष त्याचा. तीसच्या तीस हळू झाले, तर दोष त्या दिवसाचा. अशी दोन साली जोडणारी माणसं म्हणजे पूल. साठ सालांमधले असे सगळे पूल एकत्र बांधले, वय वाढतं तसा माणूस किती मंदावतो ते त्यातून वजा केलं, की प्रत्येक दिवसाचं ओझं वेगळं निघतं आणि प्रत्येक माणसाची स्वतःची मजल वेगळी. आणि एकाच माणसाच्या आठ-दहा शर्यती हाती असल्या, तर आणखी एक गोष्ट कळते. एखाद्या दिवशी तो मुद्दाम हात राखून पळाला असेल, तर त्याची मजल आणि त्या दिवशीची वेळ यांत फट पडते. चूक किती होऊ शकते, तेही यंत्र सोबत सांगतं.

ही शेवटची गोष्ट प्रांजलच्या मनात घर करून बसली. शर्यतीला साठ वर्षं होत होती. आईच्या नऊ शर्यती वह्यांत होत्या. आईने पाय आवरले नसते तर ती किती वेळात आली असती, हे समपट्टी सांगणार होती. साठ वर्षांतल्या बायकांच्या यादीत आई पहिली असणार, याबद्दल तिला शंका नव्हती. तिने यात्रा कमिटीला कळवलं आणि कमिटीला आनंदाचं भरतं आलं. यात्रेत यादी जाहीर करायची ठरली, प्रमुख पाहुण्या म्हणून साताऱ्याच्या पोलीस निरीक्षक वनमालाबाईंना बोलावणं गेलं, आणि जयमालाने ही बातमी गिरणीत, विहिरीवर आणि आठवडी बाजारात स्वतः पोचवली.

प्रांजलला ही भेट देण्याची घाई होती, त्याला आणखी एक कारण होतं. नैरोबीच्या एका संस्थेने तिला पाच वर्षांसाठी बोलावलं होतं. जगातले उत्तम धावपटू तिथे, जगातली उत्तम मोजणी तिथे. तिने दोनदा नकार दिला होता. जयमाला तिला जाऊ नको असं कधी म्हणाली नव्हती. ती फक्त म्हणायची, "जा की. मला काय, सोडायची सवय हाय." नवरा सहा वर्षांपूर्वी गेलेला, घरात दुसरं कुणी नाही. त्या एका वाक्यावर प्रांजलने दोनदा पत्र परत धाडलं होतं. आता तिसरं पत्र आलं होतं आणि यात्रेच्या दुसऱ्या दिवसापर्यंत उत्तर हवं होतं.

यात्रेच्या आठ दिवस आधी ती गावी आली. दोन दिवस देवळात बसून तिने वह्यांचे फोटो काढले आणि तिसऱ्या दिवशी दुपारी पडवीत संगणक उघडून बसली. जयमाला शेजारी सुपात तूरडाळ निवडत होती. निकाल आला. प्रांजलने तो पाहिला, मग आकडे नीट गेलेत का ते तपासलं आणि यंत्र पुन्हा चालवलं. तिसऱ्यांदाही चालवलं. एवढा वेळ का लागतोय म्हणून जयमालाने मान वर केली.

"आई, २०११ची यात्रा कधी होती?"

"चैती पुनवंला. आन कवा आसंल?"

"पुनवेलाच होती. पण तारीख अठरा एप्रिल होती. आदल्या वर्षी होती तीस मार्च."

जयमालाला यात काय विशेष ते कळलं नाही. प्रांजलने समजावून सांगितलं. चांद्रवर्ष अकरा दिवसांनी लहान, म्हणून यात्रा दर वर्षी अलीकडे सरकते. मग मध्ये अधिक महिना येतो आणि त्यानंतरची यात्रा एकदम पुढे ढकलली जाते. २०१० साली अधिक वैशाख होता. म्हणून २०११ची शर्यत एकोणीस दिवस उशिरा, भर उन्हाळ्यात पळाली गेली. धोंड्याच्या महिन्यात जावयाला बोलावून अनारसे खाऊ घालणाऱ्या या गावाला अधिक महिना पुरेपूर ठाऊक होता. पण त्याने डोंगर तापतो आणि सगळ्यांच्या वेळा वाढतात, हे साठ वर्षांत एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. त्यांच्या लेखी पुनव ती पुनव.

दोन्ही साली पळालेली एकतीस माणसं वह्यांत होती. ती सरासरी पाच मिनिटं पन्नास सेकंदांनी हळू झाली होती. उन्हाचा आकडा मास्तरांनी लिहिला नव्हता, तो या माणसांच्या पायांनी लिहून ठेवला होता.

"म्हणजे तू साडेचार मिनिटांनी हळू झालीसच नव्हतीस आई," प्रांजल म्हणाली. "त्या दिवसाचं ओझं काढलं तर तुझी वेळ निघते छप्पन्न मिनिटं पंधरा सेकंद. तुझ्या नऊ शर्यतींतली सगळ्यात चांगली. मावशीची निघते पंचावन्न वीस. साठ वर्षांत तेवढं कुणीच पळालं नाही. आणि दुसरी तू आहेस."

जयमालाने त्यातलं 'हळू झालीसच नव्हतीस' एवढंच ऐकलं. आपण आयुष्यात कधी नव्हे ते इतकं पळालो, साठ वर्षांतल्या दोन-तीनशे बायकांत एकच आपल्यापुढे, हे तिच्या कानापर्यंत आलं आणि परत गेलं. तिने सूप बाजूला ठेवलं. यंत्राला काय कळतंय डोंगरातलं, म्हणाली. मग म्हणाली की मास्तरांचं घड्याळ त्या साली बिघडलं होतं. घड्याळ बिघडलं असतं तर चढणीच्या आणि उतरणीच्या वेळा जुळल्या नसत्या, असं प्रांजलने सांगितल्यावर तिने आवाज खाली आणून विचारलं, की एवढं एकच साल काढून टाकता येत नाही का.

प्रांजलला एकच विचारायचं होतं आणि ते तिने विचारलं, "आई, तू खरंच सोडली होतीस?"

"बिरोबाची शपथ. सोडली हुती."

"हात राखून पळाली असण्याची शक्यता यंत्र शंभरात दोन सांगतंय," प्रांजल म्हणाली. "त्या दोनांतली तू असशील." आणि २०११ची वही ओलीने खराब झाली असल्याने ते साल वगळलं आहे, अशी टीप तिने तिथल्या तिथे लिहिली. नोकरीत तिने एक आकडाही कधी इकडचा तिकडे केला नव्हता. तो इथे केला, आईसाठी. जयमालाने सुटकेचा श्वास सोडला आणि पुन्हा डाळ घेतली.

पण डाळीत लक्ष लागेना. एकतीस वर्षांत पहिल्यांदाच तिला ती उतरण आठवून बघावीशी वाटली. दुसरं वळण, घसरणीचे दगड, पुढे वनूची हलणारी वेणी. तिथे तिच्या मनात आलं होतं, 'जाऊ दे पोरीला.' हे खरं होतं. हे ती बिरोबासमोरही सांगू शकत होती. पण मांड्यांत गोळे आले होते, तोंडात मातीची चव होती, तेही खरं होतं. आधी मनात आलं आणि मग पाय थकले, की पाय थकले आणि मग मनात आलं? तिने पुष्कळ ताण दिला आणि तिला ते सांगता येईना. इतकी वर्षं जिच्यावर घर बांधलं ती जमीन कुणाची आहे, हे तिने कधी पाहिलंच नव्हतं.

आणि प्रांजलचं वागणं बदललं होतं. बोलायची नीट, हसायची, पाणी भरायची. पण नैरोबीचं पत्र ती आता पुन्हा पुन्हा उघडून वाचत होती आणि 'सोडायची सवय हाय' हे जयमालाने दोनदा म्हटलं तरी तिने मान वर केली नाही. तेव्हा जयमालाने ठरवलं की साक्षीदार आणायचा. त्या डोंगरावर दुसरं कोण होतं? वनू. वनूने नुसतं म्हटलं, की आक्का माझ्या मागे होती आणि तिने पाय आवरले, तर यंत्र गेलं चुलीत.

मंगळवारी ती सकाळच्या एसटीने साताऱ्याला गेली. वनमाला ड्युटीवर निघायच्या तयारीत होती. खाकी वर्दी, केसांत पांढरं, अंगात अजून तोच ताठा. तिने बहिणीला चहा दिला आणि सगळं ऐकून घेतलं. मग साक्ष द्यायला ती तयार नाही, असं शांतपणे सांगितलं. जयमालाने कारण विचारलं.

"मी खालच्या वळणावर मागं वळून बघितलं होतं, आक्का. तू दिसतसुद्धा नव्हतीस."

"मंग तवाच का बोलली न्हाईस?"

वनमाला म्हणाली की बोलून काय करायचं होतं. आक्का हरून तोंड लपवून बसली होती. लोकांनी तिच्या हातात एक गोष्ट ठेवली आणि तिचं तोंड वर आलं. राहू दे म्हटलं. आपल्याला नोकरी मिळाली होती, आपलं काय जात होतं?

"पोरगी गेली की तुजी," जयमाला म्हणाली. तिला वाटलं आता वनू अडकली. न सोडलेल्या शर्यतीसाठी कुणी पोटचं पोर देतं का?

वनमालाने टोपी हातात घेतली होती ती परत टेबलावर ठेवली. दार लोटलं. दोन वर्षांत दुसरी मुलगी झाली होती, तिने सांगितलं. सासरचं कुणी दवाखान्यात फिरकलं नव्हतं, आणि नवव्या दिवशी खात्याची परीक्षा पास झाल्याचं आणि नाशिकला प्रशिक्षणासाठी हजर व्हायचं पत्र आलं होतं. ती संधी गेली असती तर ती आजही हवालदार असती.

"मला नको होती ती. कुणाला द्यावी याचाच विचार करत होते, तर तू पदर पसरलास. वर शर्यतीचं नाव घेतलंस. नुसती दिली असती तर लोकांनी मला दगड मारले असते. तुझ्या शर्यतीने मला देवी केलं." मग तिचा आवाज पोलिसाचा राहिला नाही. "प्रांजलला हे कळू देऊ नकोस. ती माझ्या पाया पडते."

जयमाला परतीच्या एसटीत खिडकीशी बसली. खरं तर तिने रडायला हवं होतं. आयुष्यातला एकुलता एक मोठेपणा गेला होता, आणि ज्या दानावर सगळं गाव रडलं ते दान म्हणजे अडगळ काढणं होतं. पण तिला रडू आलं नाही. उलट जरा बरं वाटत होतं. शर्यत गेली तर गेली, पण तिच्या हाती आता दुसरं काहीतरी आलं होतं. ते आजच वापरायची गरज नव्हती. गरज पडली तर होतं. माणूस इतकं नीच कसं होतं, असं कुणी विचारेल. काही मोठं करावं लागत नाही. एखादी गोष्ट जपून ठेवली तरी पुरतं.

शनिवारी यात्रा होती. सकाळी नऊच्या सुमाराला डोंगराकडून ढोल ऐकू येत होते. जयमालाने ठेवणीतली साडी नेसली, आरशात कुंकू बघितलं आणि प्रांजलला हाक मारली. प्रांजल आतून आली आणि पायरीवर बसली. मी नैरोबीला हो कळवते आहे, असं तिने सांगितलं. रागाने नाही, अगदी हळू सांगितलं. ते साल यादीत नाही, कुणाला काही कळणार नाही, तुझा मान तसाच राहील, म्हणाली. दर वर्षी यात्रेला येईन, म्हणाली.

"पण मला तर कळलंय ना," ती म्हणाली. "लहानपणापासून मी एक खड्डा भरत होते, आई. तो नव्हताच."

जयमालाने एवढंच ऐकलं की ही जाणार. पाच वर्षं रिकामी पडवी तिला दिसली. आणि मंगळवारपासून जपून ठेवलेलं तिच्या जिभेवर आलं.

"जिनं जलम दिला तिला तू नको हुतीस. शर्यत न् बिर्यत काय न्हाई. नोकरीपायी टाकली तुला. तिनंच सांगितलं मला, तिच्या तोंडानं. म्या उचललं तुला, म्या वाढवलं. आन तू मलाच सोडून चाललीस."

प्रांजलचा चेहरा एकदम लहान मुलीसारखा झाला. तिने दोन्ही हात गुडघ्यांवर घट्ट धरले. जयमालाला वाटलं की लागू पडलं. आता ही रडेल, आपण जवळ घेऊ, आणि कुठलं नैरोबी नि कुठलं काय.

"कधी सांगितलं मावशीने?"

"मंगळवारी."

"आज शनिवार आहे," प्रांजल म्हणाली. मग तिने मान वर करून आईकडे सरळ पाहिलं. "आणि तुला? त्या दिवशी तुला मी हवी होते? की मावशीकडून काहीतरी काढून घ्यायचं होतं?"

यावर एकच उत्तर होतं आणि ते जयमालाजवळ होतं. तापाने फणफणलेल्या पोरीला मांडीवर घेऊन तिने किती रात्री काढल्या होत्या. पहिल्या दिवशी शाळेत सोडून आल्यावर ती भिंतीशी बसून रडली होती. सत्तावीस वर्षांत तिने या पोरीइतकं कशावरच प्रेम केलं नव्हतं, स्वतःच्या त्या शर्यतीवरसुद्धा नाही. पण प्रांजलने 'त्या दिवशी' म्हटलं होतं. आणि जयमालाला तो दिवस आठवला. पदरात बाळ पडलं तेव्हा ती बाळाकडे बघत नव्हती. ती वनूच्या तोंडाकडे बघत होती. जिला सगळं मिळालं तिचं तोंड कसं पडतं, ते बघत होती. बाळाचं तोंड तिने घरी जाऊन पाहिलं. तेही दुसऱ्या कुणीतरी म्हटलं म्हणून.

एवढं आठवायला चार सेकंद लागले असतील, फार तर पाच.

"व्हय," जयमाला म्हणाली. "हवी हुतीस."

प्रांजलने मान हलवली. वेळ मोजण्यातच तिचं आयुष्य गेलं होतं. ती उठून आत गेली, संगणक उघडला, वही खराब असल्याची टीप काढून टाकली आणि २०११ साल यादीत परत घातलं. कमिटीला यादी धाडली. बॅग भरायला तिला फार वेळ लागला नाही. जाताना ती जयमालाच्या पाया पडली, गुडघ्यावर औषध दोन वेळा लाव म्हणाली, आणि दहाच्या एसटीने गेली. जयमाला स्टँडपर्यंत तिच्या मागे धावत गेली. बासष्ट मिनिटं पाच सेकंदांच्या त्या दिवसानंतर ती पहिल्यांदाच धावत होती. एसटी सुटलेली होती.

तिथून ती घरी न जाता मंडपात गेली. का गेली, ते तिलाही सांगता आलं नसतं. पहिल्या रांगेत तिची खुर्ची मोकळी होती. समोर व्यासपीठावर वनमाला वर्दीत बसली होती आणि नजर गर्दीत फिरवत होती. निवेदकाने मोठ्या पडद्यावर यादी लावली आणि वाचायला सुरुवात केली, खालून वर. दहावी, नववी, आठवी. लोक टाळ्या वाजवत होते. जुन्या सुनांची नावं निघत होती, कुणी आजी झालेल्या, कुणी गेलेल्या.

"साठ वर्षांतली दुसरी सर्वोत्तम धाव," तो म्हणाला, "जयमालाताई, साल २०११. आणि पहिली, वनमालाताई, साल २०११."

टाळ्या सुरू झाल्या आणि मध्येच विरळ झाल्या. सगळ्यांना एकदम कळलं नाही. बायकांच्या बाजूला कुणीतरी मोठ्याने म्हणालं, की तेच साल की, मग सोडलं काय हिनं? एक हसली. मग ते हसू रांगेरांगेने मागे गेलं आणि पार भेळेच्या गाड्यांपर्यंत पोचलं. साठ वर्षांत एखादीलाच जमावं असं ती ज्या दिवशी पळाली होती, तो दिवस तिच्या नावावर आज पहिल्यांदा लागला होता, आणि लोक हसत होते. निवेदक गोंधळला. त्याच्या हातातल्या कागदावर 'त्यागमूर्ती' लिहिलेलं होतं, ते वाचावं की नाही हे त्याला समजेना. शेवटी त्याने नुसतंच नाव घेतलं आणि सत्कारासाठी वर बोलावलं.

जयमाला पायऱ्या चढली. वनमाला शाल घेऊन पुढे झाली. शाल खांद्यावर टाकताना ती कानाशी पुटपुटली, "प्रांजल कुठं दिसत नाही?"

"गेली. न्हाई यायची आता."

"का? काय सांगितलंस तिला?"

"तू सांगितलंस ते."

शालीचं टोक धरलेला वनमालाचा हात तिथेच राहिला. खालून फोटोवाला ओरडला की ताई, दोघी जरा जवळ या आणि इकडे बघा. वनमाला जवळ सरकली आणि दोघी बहिणींनी समोर पाहिलं.